क्लीनर साइडची रिकामी सीट

‘ट्रक ड्रायव्हर मोबाइलवर बोलत होता आणि अपघात झाला.’ ही बातमी आपण इतक्या वेळा वाचली आहे की तिला काही इतिहास असेल असं कुणाला वाटत नाही. चूक ड्रायव्हरची, निमित्त मोबाइलचं, उपाय दंडाचा. वाचून आपण पुढं सरकतो, तेही मोबाइलवरच.

मला मात्र या बातमीत कायम एक प्रश्न पडतो. फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं? पहाटे चार वाजता ट्रक चालवणाऱ्या माणसाला कोण फोन करतं, आणि तो का उचलतो? या प्रश्नाचा माग काढत गेलो तर मोबाइलच्याही बऱ्याच मागं जाऊन पोचलो. पोचलो तो थेट ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असलेल्या एका सीटपर्यंत. ड्रायव्हर लोक त्या बाजूला अजूनही ‘क्लीनर साइड’ म्हणतात. बहुतेक गाड्यांमध्ये तिथं आता क्लीनर नसतो.

दोन माणसांची केबिन

१९५४ मध्ये टेल्को आणि जर्मनीची डाइम्लर-बेंझ यांनी मिळून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. पुढं कित्येक दशकं आपल्याकडं कारखान्यातून पूर्ण ट्रक मिळतच नसे. मिळायची ती चेसी: इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि पुढचा पत्रा. केबिन बांधायचा गावोगावचा बॉडी बिल्डर. लाकूड, पत्रा, रंग, मालकाचं देवघर, मागं कवितेची ओळ. इंजिनाची धग थेट केबिनमध्ये आणि आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडायला लागे.

या केबिनमध्ये दोन माणसं असत. दुसऱ्याला आमच्या कराड भागात ‘किनर’ म्हणतात, कागदावर क्लीनर. काच पुसणं हे त्याचं सगळ्यात छोटं काम. ताडपत्री ओढणं, दोर आवळणं, टॉमीनं टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखणं, घाटात गाडी थांबली की चाकामागं दगड लावणं. गाडी मागं घेताना खाली उतरून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणायचं आणि थांबायचं झालं की बॉडीवर थाप मारायची. डावीकडून कुणी मोटरसायकलवाला घुसतोय का, तेही त्यानंच बघायचं, कारण उजवीकडं बसलेल्या ड्रायव्हरला ती बाजू धड दिसत नाही.

माझे थोरले मामा १९८० च्या दशकात असेच किनर म्हणून लागले आणि पुढं ड्रायव्हर झाले. त्यांना मी एकदा विचारलं, “मामा, किनरचं खरं काम काय हो?” ते म्हणाले, “जागं राहणं आन् बोलत राहणं. किनर झोपला की ड्रायव्हर झोपला म्हणून समज.”

मामांचं हे म्हणणं सरकारी भाषेतही सापडतं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमधल्या ९० व्या नियमात नॅशनल परमिटच्या गाडीला किमान दोन ड्रायव्हर असावेत असं लिहिलेलं होतं. दुसऱ्याला अंग टाकून झोपता येईल अशी पूर्ण रुंदीची सीट असावी हेसुद्धा त्यात होतं. म्हणजे लांबच्या रस्त्यावर एका माणसाचे डोळे पुरत नाहीत, हे कायद्याला तेव्हाच ठाऊक होतं. प्रत्यक्षात दुसरा ड्रायव्हर ठेवणं मालकाला महाग पडे. मग त्याच्या जागी किनर बसे आणि घाट नसलेल्या सरळ रस्त्यावर अधूनमधून स्टिअरिंगही धरे.

या व्यवस्थेला सोनेरी मुलामा द्यायचं कारण नाही. किनर बहुतेक वेळा पोरसवदा असे. पगार नावापुरता, जेवण ड्रायव्हरच्या मर्जीवर, चुकलं की कानाखाली. तरीही ती शाळा होती, आणि त्या केबिनमध्ये रस्त्याकडं बघणारे चार डोळे होते.

बोलायचं तर थांबायचं

त्या काळात गाडी एकदा गावाबाहेर पडली की मालकाचा तिच्याशी संबंध तुटायचा. नागपूरला माल उतरला का, हे कळायला कधी चार दिवस लागत. अमेरिकेत तेव्हा वेगळंच चाललं होतं. १९७३ च्या तेलसंकटात तिथं डिझेल मिळेना आणि पाठोपाठ ताशी ५५ मैलांची, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा आली. तिथल्या ट्रकवाल्यांनी सीबी रेडिओ नावाचा छोटा वायरलेस संच केबिनमध्ये बसवला. कुठल्या पंपावर डिझेल आहे, पोलीस कुठं लपलेत, पुढं रस्ता बंद आहे का, हे ते धावत्या गाडीतून एकमेकांना सांगत. निषेध म्हणून रस्ते अडवले तेही याच रेडिओवरून ठरवून. त्यांच्यावर केलेलं ‘कॉन्व्हॉय’ नावाचं गाणं १९७६ च्या सुरुवातीला तिथं पहिल्या क्रमांकावर होतं.

आपल्याकडं १९३३ च्या कायद्यानं वायरलेस संच बाळगायला सरकारी परवाना लागे. ट्रकवाल्याला तो कोण देणार? त्यामुळं आपल्या ड्रायव्हरचं बोलणं रस्त्याकडेलाच अडकून राहिलं. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था उभी राहिली, सॅम पित्रोदांचं नाव घरोघर पोचलं आणि काही वर्षांत हायवेवरच्या ढाब्याशेजारी ‘एसटीडी-आयएसडी-पीसीओ’चे पिवळे बोर्ड दिसू लागले. काचेची टपरी, आत लाल आकडे पळवणारं मीटर. रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा, म्हणून अकराच्या सुमाराला ड्रायव्हरांची रांग लागे. मामा सांगतात, घरी बोलायचं काय ते रांगेतच ठरवून ठेवायचे. मीटर बघत बघत बोलणारा माणूस पाल्हाळ लावत नाही.

इथं एक साधी गोष्ट लक्षात घ्या. बोलायचं तर गाडी थांबवायलाच लागायची. थांबला की चहा, चहाबरोबर टायरला टॉमी, जमलं तर खाटेवर तासभर पाठ टेकणं. टपरीतल्या फोनची मुख्य अडचण हीच त्याची सुरक्षितताही होती. अशी सक्तीची थांबण्याची ठिकाणं आणखीही होती. मुंबईत शिरायचं तर दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्दचे जकात नाके. राज्याच्या सीमेवर तपासणी नाके. तिथं तासन्‌तास जात, चिरीमिरी जाई, शिव्याशाप होत. पण त्या रांगेत इंजिन बंद करून ड्रायव्हर झोपतही असे.

फोन केबिनमध्ये आला

३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. तेव्हा बोलण्याचा दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत होता आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. ट्रकच्या धंद्यात हा फोन येणं शक्यच नव्हतं. खरा बदल झाला १ मे २००३ ला, येणारे कॉल मोफत झाले तेव्हा. आता फोन बाळगणाऱ्याला खर्च नव्हता, करणाऱ्याला होता.

याचा अर्थ मालकांच्या लगेच ध्यानात आला. आपण चार पैसे खर्चले तर गाडी कुठं आहे हे कधीही विचारता येतं. माझ्या माहितीतल्या कितीतरी ड्रायव्हरांना पहिला मोबाइल मालकानं दिला. घरच्यांशी बोलायला नव्हे, विचारणा करायला. “कुठपर्यंत आला रे?” हे या धंद्यातलं सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य असेल. आणि हे वाक्य गाडी धावत असतानाच विचारलं जातं, कारण थांबलेल्या गाडीची कुणाला घाई असते?

तरीही काही वर्षं फोनला नैसर्गिक लगाम होता. सर्कल बदललं की रोमिंग, रोमिंगमध्ये आलेल्या कॉललाही पैसे. मग मिस्ड कॉलची सांकेतिक भाषा तयार झाली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू कर. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, देशभर बोलणं जवळपास फुकट झालं, पाठोपाठ स्वस्त डेटा आला आणि तोही लगाम सुटला.

याच चार-पाच वर्षांत रस्त्यावर काय काय घडलं ते एका ओळीत ठेवून बघा. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, राज्यांच्या सीमेवरचे नाके आणि मुंबईची जकात गेली. एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल आलं. त्यावर ठरावीक मुदत असते. आधी १०० किलोमीटरला एक दिवस मिळे, जानेवारी २०२१ पासून एका दिवसात २०० किलोमीटर धरले जाऊ लागले. फेब्रुवारी २०२१ पासून टोल नाक्यावर फास्टॅगची सक्ती झाली. आणि २०१८ मध्येच नॅशनल परमिटच्या गाडीला दोन ड्रायव्हर हवेत ही अट काढून टाकली गेली. त्याच सुमाराला परमिटसाठी फास्टॅग आणि गाडीचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंधनकारक झालं.

यातली एकेक गोष्ट घेतली तर तिच्याविरुद्ध बोलणं अवघड आहे. नाक्यावरची लाच गेली, डिझेल वाचलं, मालाचा खोळंबा कमी झाला. पण सगळ्यांची बेरीज काय झाली? ड्रायव्हरचे थांबे कमी झाले आणि शेजारचा माणूस गेला. गाडी कुठं आहे हे मालकाला कळण्याची सोय वाढली, ड्रायव्हर जागा आहे का हे बघणारं मात्र कुणी उरलं नाही. त्या रिकाम्या सीटवर, डॅशबोर्डच्या स्टँडला लावून, फोन बसला.

आणि फोन नुसता बसला नाही, त्यानं किनरची कामंही उचलली. रस्ता तो सांगतो, गाणी तो लावतो, झोप आली की बायकोशी, मित्राशी, दुसऱ्या ट्रकमधल्या गाववाल्याशी तो जोडून देतो. शिवाय परतीचं भाडं, मालाचे फोटो, फास्टॅगचा रिचार्ज, चलनाचा मेसेज, सगळं त्यावरच. तुम्हीआम्ही गाडी चालवताना फोन बघतो तेव्हा काम सोडून फोन बघत असतो. ट्रकवाल्याचं निम्मं ऑफिस त्या फोनमध्ये असतं.

शेजारी बसलेला आणि फोनवरचा

मग फरक काय पडला? आधी किनरशी बोलायचा, आता फोनवर बोलतो. हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. त्याचं उत्तर अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या एका प्रयोगात मिळालं. २००८ मध्ये तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना सिम्युलेटरवर गाडी चालवायला लावली. काहींशेजारी त्यांचा मित्र बसलेला, काहींचा मित्र फोनवर. पुढं एका ठरलेल्या ठिकाणी रस्ता सोडून आत वळायचं होतं. मित्र शेजारी असलेले बहुतेक सगळे बरोबर वळले. फोनवर बोलणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास पुढं निघून गेले.

कारण साधं होतं. शेजारी बसलेल्या मित्रालाही तोच रस्ता दिसत होता. गर्दी वाढली की तो आपोआप गप्प होई, किंवा ‘ते बघ, वळण आलं’ म्हणे. फोनवरच्या मित्राला यातलं काही दिसत नव्हतं. त्याचं बोलणं चालूच राहायचं. वाचताना मला मामाच आठवले. घाट लागला की किनर बोलणं थांबवायचा आणि डावीकडं मान काढून बघायचा, हे कुणी त्याला शिकवलेलं नव्हतं. दोघांचा जीव एकाच केबिनमध्ये होता, एवढं पुरेसं होतं.

बोलण्यापेक्षा बघणं जास्त घातक, हेही आकड्यांत आलेलं आहे. २००९ मध्ये व्हर्जिनिया टेकच्या वाहतूक संशोधन संस्थेनं ट्रकच्या केबिनमध्ये कॅमेरे बसवून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. मेसेज लिहिणाऱ्या ट्रक ड्रायव्हरच्या बाबतीत अपघाताचा किंवा थोडक्यात अपघात टळण्याचा धोका २३ पटींनी वाढलेला दिसला. त्या सहा सेकंदांपैकी सरासरी ४.६ सेकंद त्याची नजर रस्त्यावर नव्हती. आपल्या एक्सप्रेसवेवर ट्रक ताशी ८० किलोमीटरनं चालतो असं धरा. सेकंदाला २२ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या पिचपेक्षा थोडं जास्तच. ४.६ सेकंद म्हणजे पाच पिचं एकापुढे एक ठेवायची आणि डोळे मिटून त्यावरून भरलेला ट्रक न्यायचा.

याच अभ्यासात एक अवघड निष्कर्षही होता. हँड्सफ्रीवर किंवा सीबी रेडिओवर नुसतं बोलणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांचा धोका वाढलेला दिसला नाही, उलट कमी दिसला. ते बोलणं बहुधा झोपेला लांब ठेवत असावं. फोनवर सरसकट बंदी हवी असं म्हणणाऱ्यांची यामुळं अडचण होते, पण तो लपवून ठेवायचं कारण नाही. एकटा माणूस रात्रभर गाडी चालवतो तेव्हा बोलणं हा त्याचा चाळा नसून जागं राहण्याचं औषध असतं. मामांचा किनर हेच औषध होता, फक्त त्याला डोळेही होते.

हे औषध कधी विष होतं ते २६ मार्च २०१० ला केंटकी राज्यातल्या मनफर्डव्हिलजवळ दिसलं. पहाटे पाचनंतर एक ट्रक दुभाजक ओलांडून पलीकडच्या व्हॅनवर गेला. व्हॅनमधली माणसं लग्नाला निघाली होती. ट्रक ड्रायव्हरसह अकरा जण गेले. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं फोनच्या नोंदी तपासल्या. आधीच्या २४ तासांत त्या ड्रायव्हरनं गाडी चालवताना ६९ वेळा कॉल किंवा मेसेजसाठी फोन वापरला होता. मंडळानं व्यावसायिक ड्रायव्हरांना हँड्सफ्रीसकट पूर्ण बंदी करा अशी शिफारस केली. सरकारनं तेवढं केलं नाही. ३ जानेवारी २०१२ पासून हातात फोन धरायला बंदी आली. मात्र त्या नियमात एक कलम आहे जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ड्रायव्हरला २,७५० डॉलरपर्यंत दंड आणि त्याला फोन वापरू देणाऱ्या किंवा वापरायला लावणाऱ्या कंपनीला ११,००० डॉलरपर्यंत. फोनला दोन टोकं असतात हे त्या कायद्यानं मान्य केलं, आणि जास्त दंड मालकाच्या टोकाला लावला.

आपल्या कायद्याला दिसणारा माणूस

आपल्याकडं गाडी चालवताना मोबाइल वापरणं हे लायसन्स रद्द करण्याचं कारण म्हणून नियमांत होतंच. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये, हातात धरून वापरायच्या फोनचा स्पष्ट उल्लेख आला. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२० पासून फक्त रस्ता शोधण्यासाठी, लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं, फोन वापरायला मुभा मिळाली. यात ‘कुठपर्यंत आला रे?’ विचारणारा कुठं दिसत नाही.

आकड्यांतही तो दिसत नाही. २०२१ मध्ये देशात रस्त्यांवर १,५३,९७२ माणसं गेली. सरकारी अहवालात मोबाइलमुळं झालेले मृत्यू आहेत १,०४०. शंभरात एकसुद्धा नाही. सुमारे ७० टक्के मृत्यू ‘अतिवेग’ या रकान्यात जातात. वेग डोळ्यांना दिसतो, टायरच्या खुणांवरून सांगता येतो. फोन धडकेनंतर सीटखाली पडलेला असतो, आणि तो कधी वाजला हे बघायला कॉलच्या नोंदी मागवाव्या लागतात. अकरा बळींच्या त्या एका अपघातात अमेरिकेनं ६९ वेळा मोजल्या. आपल्याकडं तो रकाना पंचनाम्याच्या वेळी भरला जातो आणि मिटतो.

कामाच्या तासांचंही तेच. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं ड्रायव्हरला दिवसाचे आठ आणि आठवड्याचे ४८ तास ठरवून दिले होते. पण तो लागू होता पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या मालकांना. आपल्या रस्त्यांवरचे असंख्य ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे. कायदा होता, त्यांच्या केबिनपर्यंत तो पोचतच नव्हता. आणि शिक्षेची गोष्ट निघाली की सगळ्यांना पुन्हा ड्रायव्हर आठवतो. जानेवारी २०२४ मध्ये, अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद देणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध देशभर ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली, तेव्हा टीव्हीवरच्या चर्चांत त्यांच्या कामाच्या तासांबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता खुला झाला. सरळ, रुंद, सिग्नल नसलेला. माझा मामेभाऊ त्यावरून जातो. तो म्हणतो, “दादा, या रस्त्यावर झोप मारते, फोन न्हाई.” त्याच्या गाडीवर किनर नाही. मालकाला परवडत नाही, आणि शिकायला पोरंही येत नाहीत. मालकानं दिलेल्या हँड्सफ्रीवर तो रात्री त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या ड्रायव्हरशी बोलतो. दोघांचा अलिखित नियम आहे. एकानं ‘थांब’ म्हटलं की दुसरा लगेच गप्प होतो, कारण विचारत नाही. त्याची बायको त्याला स्वतःहून फोन करत नाही. तो थांबल्यावर मिस्ड कॉल देतो, मग ती करते. कॉल फुकट झाले तरी त्यांच्या घरात मिस्ड कॉल शिल्लक आहे.

म्हणजे फोनवरून बोलतानाही दुसऱ्याच्या रस्त्याचं भान ठेवता येतं. हे दोघं-तिघं ते आपापल्या परीनं ठेवतात. ठेवत नाही ती बाकीची साखळी: भाडं देणारा, माल मागवणारा, गोडाऊनवाला, मालक. आणि त्या साखळीच्या शेवटी, आपलं पार्सल नकाशावर सरकताना बघणारे तुम्ही आणि मी. गाडी चालू आहे हे आता प्रत्येकाला स्क्रीनवर दिसतं. गाडी चालू असेल तर फोन करायचा नाही, असा नियम मालकांवर घालायला कुठलं नवं यंत्र लागणार नाही. ठावठिकाणा सांगणारं यंत्र गाडीत आधीच बसलेलं आहे. अपघातानंतर पोलिसांनी ड्रायव्हरच्या रक्ताची तपासणी करावी तशी त्याच्या शेवटच्या कॉलचीही करावी, आणि तो नंबर ज्याचा असेल त्याला बोलावून विचारावं: गाडी धावत होती हे तुला माहीत होतं का?